शिरूरची फेरी

लायसन परत मिळालं तेव्हा दानिएलच्या बिऱ्हाडात गोडधोड व्हायला हवं होतं. त्याऐवजी त्याची बायको राहेल धास्तावली. ज्या दिवसाला ती वर्षभर भीत होती, तो दिवस दारात येऊन उभा राहिला होता.

दानिएल दौंडच्या मिशनचा ड्रायव्हर. मिशनच्या आश्रमातल्या मुलींना दवाखान्यात नेणारी जुनी जीप त्याच्या हाती होती. गेल्या साली शिरूरला, राहेलच्या माहेरी, तिच्या भावाचं लग्न निघालं, तेव्हा मिशननं विश्वासानं तीच जीप त्यांना दिली. दारूबंदीचे दिवस होते; म्हणजे दारू मिळत होती, फक्त तिचं नाव घ्यायचं नाही. दानिएलनं नाव न घेता भरपूर घेतली. परतताना न्हावरे गावाच्या अलीकडे जीप रस्ता सोडून शेतात घुसली आणि बिनकठड्याच्या विहिरीच्या तोंडाशी थांबली. धक्क्यासरशी पाच वर्षांची दया राहेलच्या मांडीवरून बाहेर फेकली गेली. अगदी काठावर तिच्या परकराची कड राहेलच्या मुठीत आली, म्हणून पोर वाचली. दानिएल स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत होता.

दयाचं हे राहेलनं कुणालाच सांगितलं नाही. पोलिसांना सांगितलं असतं तर नवरा तुरुंगात गेला असता. आणि नवऱ्याला सांगून पुन्हा त्याच्याच ताटात भाकरी कशी वाढायची, हे तिला कळत नव्हतं.

पोलिसांनी तोंडाचा वास घेतला आणि दारूचा एक, गाडीचा एक, असे दोन गुन्हे लावले. शिरूरच्या कोर्टात सात हेलपाटे झाले. वकिलापायी राहेलच्या पाटल्या गेल्या, दंडापायी शिवणाचं मशीन गेलं. लायसन वर्षभर जप्त. पगार थांबला, मिशनची खोली सुटली. रविवारी मिशनच्या देवळात पाळकांनी सगळ्यांदेखत दानिएलचं नाव वाचलं आणि सहा महिने प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस बंद केला. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि दानिएलच्या हाती रेल्वेच्या यार्डातलं कोळशाचं फावडं आलं.

त्यानं मात्र बाटलीला पुन्हा हात लावला नाही. हे राहेलला पक्कं ठाऊक होतं. तरी रस्त्यात मागून हॉर्न वाजला की तिची मूठ आपोआप आवळायची. नवरा पायी कामाला जातो, पायी येतो, याच एका भरवशावर तिला वर्षभर झोप लागली होती.

आश्रमाच्या मुख्य प्रेमाबाईंनी तिघांना बोलावून घेतलं.

"राहेल, शपथबिपथ नको, नुसतं सांग," त्या म्हणाल्या. "सुटली का याची?"

"सुटली, बाई. वरीस झालं, थेंब न्हाई."

प्रेमाबाईंनी जीपची किल्ली टेबलावरून पुढं सरकवली. दानिएलनं ती उचलली. कोळशानं काळवंडलेल्या बोटांत ती घट्ट धरून तो वर्षभरात पहिल्यांदा हसला. राहेलला भरून आलं. पगार येणार होता, खोली मिळणार होती, माणसात परत बसता येणार होतं.

"सोमवारी पहिली फेरी शिरूरची," प्रेमाबाई कौतुकानं म्हणाल्या. "औषधं आणायचीत. राहेल, तूही बस दयाला घेऊन. वर्षभर माहेर पाहिलं नाहीस."

राहेलनं दयाला जवळ ओढलं. तोच रस्ता. तीच विहीर.

"आम्ही एस्टीनं जाऊ, बाई."

"अगं, गाडी रिकामी जातेय आणि तू एस्टीनं?"

"दयाला गाडी लागती."

"मला न्हाई लागत!" दया म्हणाली.

प्रेमाबाईंनी चष्मा काढला. "खरं सांग. बसायला भितेस?"

खोटं बोलायचं राहेलनं मनाशी ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. "बसवत न्हाई वो बाई. माझी पोर म्या त्या गाडीत न्हाई बसवणार."

"मग दुसऱ्यांच्या पोरी मी कशा बसवू?" प्रेमाबाई हळूच म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं.

दानिएलनं किल्ली टेबलावर परत ठेवली. "ऱ्हाऊ द्या, बाई," एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला.

भर उन्हात तिघं घराकडे निघाली. दया पुढं उड्या मारत होती. आता हा ओरडेल, हात उगारेल, नाहीतर सरळ गुत्त्यावर जाईल, या धास्तीनं राहेल दोन पावलं मागं चालत होती. यार्डाच्या फाटकाशी दानिएल थांबला.

"कोर्टानं मला दंड सांगितला," तो म्हणाला. "पर त्या सांजेला म्या केलं काय, ते कुणी सांगितलंच न्हाई. मला आठवत न्हाई. तुला आठवतंय. सांग."

"नगं, आवो."

"सांग, राहेल."

तिनं सांगितलं. मांडीवरून सुटलेली पोर, विहिरीचा काठ, मुठीतली परकराची कड, सगळं.

दानिएल फाटकाशीच मटकन खाली बसला. बाबा खेळतोय असं वाटून दया पळत आली आणि त्याच्या मांडीत शिरली. त्यानं तिला जवळ घेतलं नाही. दोन्ही हात त्यानं अंगापासून लांब धरले. पोरीला शिवायलाच तो भ्याला होता.