गोड वास

गाडीत डोकं घालून एक श्वास घेतला की मिस्त्री सांगायचे, "क्लच जळतोय," नाहीतर "पेट्रोल गळतंय," नाहीतर "मागच्या सीटखाली दूध सांडलंय, आधी ते पुसा, मग माझ्याकडे या." गिऱ्हाइकं हसायची आणि चार जणांना सांगायची. त्या नाकावरच त्यांचं गॅरेज उभं होतं म्हणा ना.

मग एकदा ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. हे ठाऊक होतं एकट्या बायकोला. "अहो, कांद्याचा कोळसा झाला, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय! दाखवा एकदा डॉक्टरांना." "येईल परत. जातोय कुठे?" म्हणत मिस्त्री चपला घालायचे. गॅरेजात त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. गाडीत डोकं घालणंही सोडलं नाही.

अशात एक दिवस मायलेकी आल्या. गाडी लेक चालवत होती. शेजारच्या सीटवर आजी, म्हणजे तिची आई, अंगभर शाल गुंडाळून.

"मिस्त्री, कूलंट सारखं कमी होतंय," लेक म्हणाली. "खाली तर थेंब दिसत नाही."

"आणि गोड वास येतो," आजी आतून म्हणाल्या. "साखर करपल्यासारखा. समोरची काच पण धुरकटते."

लेकीने मिस्त्रींना बाजूला घेतलं. "मी काच खाली करून चालवते, मला काही जाणवत नाही. आई अलीकडे विसरते हो. डॉक्टर विचारत होते, भास होतात का. वास खरा निघाला तर बरंच वाटेल मला."

मिस्त्रींनी खिडकीतून डोकं आत घातलं. आजी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, निकालाच्या दिवशी पोरं बघतात तशा. मिस्त्रींनी श्वास घेतला. छातीत भरली ती नुसती हवा, पाण्यासारखी बेचव. माझं नाक गेलंय, एवढंच बोलायचं होतं. पण बाहेर दोन जुनी गिऱ्हाइकं कान देऊन उभी होती, आणि जीभ काही रेटेना.

"वास-बिस काही नाही," ते म्हणाले. "आत कूलंट गळत असतं तर त्याचा गोड वास मला दारातच कळला असता."

"नाही?" आजी म्हणाल्या. "अगदीच नाही?"

"नाही आजी."

आजींनी शाल सारखी केली आणि समोर बघू लागल्या.

कुठल्याही मिस्त्रीने आधी रेडिएटरला पंप लावून दाब टिकतोय का ते पाहिलं असतं. ह्यांना ती सवयच नव्हती, नाक होतं ना. बॉनेट उघडलं तर एका पाइपाची क्लिप सैल दिसली, भोवती वाळलेला पांढरा डागही होता. ती आवळली, कूलंट भरलं, गाडी दिली. मनाची समजूत घालायला तेवढं पुरलं.

काही आठवड्यांनी गाडी परत आली, तापमानाचा काटा लाल खुणेला टेकलेला. लेक एकटीच होती.

"आजी नाही आल्या?"

"नको म्हणाली. हल्ली कशालाच हो म्हणत नाही." लेकीने किल्ली त्यांच्या हातात दिली. "त्या दिवसापासून गप्पच झाली बघा. परवा गॅसवर दूध करपलं, ही तिथेच उभी. म्हटलं, आई, वास नाही आला? तर म्हणते, आला गं, पण वाटलं माझा भासच असेल."

मिस्त्रींनी रेडिएटरला पंप जोडला आणि दाब दिला. पंपाचा काटा चढला, क्षणभर थांबला आणि सावकाश खाली येऊ लागला. म्हणजे कुठेतरी गळती होतीच, पण इंजिनाखाली फरशी कोरडी. मग त्यांनी आजी बसत त्या बाजूची चटई उचलली. खालचं जाड अस्तर चिंब भिजलेलं होतं. बोटं हिरवी, चिकट झाली. हीटरमध्ये कूलंट फिरवणारी जाळी फुटली होती. कूलंट इतके दिवस आजींच्या पायाशीच झिरपत होतं.

"ताई, आजींचं खरं होतं," ते उठून म्हणाले. "तापानंतर माझं नाक गेलंय. मला कसलाच वास येत नाही. मी खोटं बोललो."

लेकीने त्या हिरव्या बोटांकडे पाहिलं. ओरडली असती तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं. "हे तिला तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाली.

मिस्त्रींनी डॅशबोर्ड उतरवला, नवी जाळी बसवली, अस्तर बदललं, कूलंट भरून पाइपातली हवा काढली. इंजिन तापून पंखा सुरू होईपर्यंत पंप लावून, कान टवकारून उभे राहिले. ह्या वेळी पंपाचा काटा खाली आला नाही. मग अस्तरातून पिळून काढलेलं कूलंट बाटलीत भरून ते लेकीबरोबर तिच्या घरी गेले.

आजी पलंगावर धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. मिस्त्री समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकले आणि सगळं सांगितलं, स्वतःला पाठीशी न घालता.

"गुणी आहात हो," त्या हसून म्हणाल्या. "हिनेच पाठवलं असेल, जा, म्हातारीचं मन राखून या म्हणून."

"नाही हो आजी, देवाशपथ. हे बघा." त्यांनी बाटलीचं झाकण काढून ती पुढे धरली. "हाच होता ना वास?"

आजी वाकल्या. नाकपुड्या किंचित हलल्या, आणि डोळ्यांत ओळख उमटली, लख्ख. तोंड उघडलं. पण शब्द बाहेर पडायच्या आत ती ओळख विझली. त्या मान वळवून लेकीकडे बघू लागल्या.

"तू आधी सांग गं. तुला येतोय?"

लेक बाटलीवर वाकली. "येतोय, आई," ती म्हणाली. "गोडच आहे. साखर करपल्यासारखा. तू म्हणत होतीस ना, अगदी तसाच."

"असेल मग," आजी म्हणाल्या. "तू म्हणतेस तर असेल." आणि त्यांनी पुढचा टॉवेल घडी घालायला घेतला.