विजयमालाला मागे ठेवलं

मित्रांनो, मी कधी वरातीत नाचले नाही की शर्यतीत धावले नाही. मेंढपाळाचं बिऱ्हाड पाठीवर वाहण्यात माझं आयुष्य गेलं. मी आता म्हातारी घोडी आहे. एकेकाळी पांढरी होते, आता मातीच्या रंगाची झाले आहे. तुम्हाला माझी कहाणी सांगायला बसले आहे खरी, पण तिच्यात माझ्यापेक्षा विजयमालाच जास्त येईल. त्याला माझा इलाज नाही.

येडबानं मला माळेगावच्या जत्रेतून आणलं तेव्हा मी शिंगरू होते. त्याचं घर पेडगावात. दिवाळी झाली की म्हातारी आई सुगंधाबाई तेवढी घरी राहायची आणि बाकीचे सगळे चाऱ्याच्या शोधात निघायचे: येडबा, त्याची बायको विजयमाला, धाकटा भाऊ, भावजय गीताबाई, मेंढ्या आणि कुत्री. या सगळ्या लवाजम्याला आमच्यात वाडा म्हणतात. शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेत. एका रानातून दुसऱ्या रानात जाताना सगळा संसार माझ्या पाठीवर असे.

ओझं बांधायची विजयमाला. आधी गोधड्या, मग भांडी, मग पालाचं कापड, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि दोन्ही बाजूंच्या झोळ्यांत नवी कोकरं. तिची मुलगी पिंकीही लहानपणी त्याच झोळीतून हिंडली. दोर आवळला की विजयमाला त्याखाली बोटं घालून बघायची, कुठे रुततो का. इतकी वर्षं ओझं वाहिलं, पण तिच्या हातून माझ्या पाठीला कधी जखम झाली नाही. कोणी मला मागायला आलं तर ती म्हणायची, "ही घोडी न्हाई, माझी थोरली लेक हाय."

दोन वर्षांपूर्वी एक नवीनच गोष्ट सुरू झाली. ओझं बांधून झालं की विजयमाला माझ्या पाठीवर पोट टेकून ओणवी व्हायची आणि तशीच राहायची. मला वाटायचं, थकली असेल. खरं तर तिच्या पोटात कळ यायची आणि ती आरपार पाठीत जायची. पुढे वाकलं की जरा बरं वाटायचं. ती कोणाला बोलली नाही. तिची अर्धी भाकरी रोज माझ्यापुढे येऊ लागली.

मग तिचे डोळे पिवळे झाले. अंगाला अशी खाज सुटली की ती हातांवर रक्त येईपर्यंत ओरबाडायची. गीताबाई म्हणाली, "कावीळ हाय अक्का. माळ घातली की उतरती." एका गावच्या माणसानं तिच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली. ती माळ लांब होत गेली तसे सगळे खूश होत गेले. विजयमाला मात्र वाळत चालली होती. सुगंधाबाईचा निरोप आला की दवाखान्यात नेऊ नका, तिथं पोट फाडतात. येडबानं सगळ्यांचं ऐकलं. बायकोला काही विचारलं नाही.

पिंकीचं सासर परभणीत. ती भेटायला आली, आईचं तोंड बघितलं आणि नवऱ्याच्या ऑटोत घालून तिला घेऊनच गेली.

तिथल्या दवाखान्यात समजलं की कर्करोग आहे, स्वादुपिंडाचा. पोटात असा एक अवयव असतो हेच आमच्यात कोणाला ठाऊक नव्हतं. गाठ यकृतापर्यंत पोचली होती. डॉक्टर म्हणाले, काढता येणार नाही. औषधानं वाढ थोडी रोखता येईल, दुखणं कमी ठेवता येईल. पित्ताच्या वाटेत त्यांनी एक बारीक नळी बसवली. खाज थांबली, डोळे निवळले. ती वाड्यावर परत आली तेव्हा गीताबाई म्हणाली, "झाली की बरी." दुसऱ्या दिवशी पाण्याची घागर तिच्याच डोक्यावर होती.

येडबानं पिंकीला बजावलं होतं, आईला सांगायचं नाही. बाकी सगळ्यांना सांगून झालं होतं. गीताबाईनं तिचा तांब्या वेगळा केला. रानाचा मालक येऊन तिच्याकडे बघून हळहळून गेला. शेवटी विजयमालानं माझ्याजवळ उभं राहून भेटायला आलेल्या पिंकीला विचारलं, "माझं दुखनं समद्या रानाला ठाऊक झालंय. मलाच कामून न्हाई?"

पिंकीनं सांगितलं. विजयमालानं माझ्या आयाळीत बोटं घातली.

"औंदाची कोकरं मोठी हुईस्तोवर असन का मी?"

"माहीत न्हाई, माय."

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती आपलं दुखणं स्वतः सांभाळू लागली. घास घास करून दिवसभर खायची. अन्न पचायची गोळी जेवणाबरोबर घ्यायची, दुखण्याची गोळी कळ यायच्या आधीच. इंजेक्शनासाठी परभणीला जायचं असलं की येडबा तिला माझ्यावर बसवून चुडाव्याच्या स्टेशनावर सोडायचा आणि परतीच्या गाडीला मला घेऊन यायचा. माझ्यावर बसलेली ती पहिली बाई. लोक हसायचे. ती म्हणायची, "हसू द्या. ह्या घोडीनं माझ्याहून जड वझी वाहिलीत."

एकदा तिच्या परतीच्या दिवशीच वाडा हलवायचं ठरलं. पुढचा शेतकरी बोलावत होता. माझ्यावर ओझं चढलं. येडबा चुडाव्याच्या दिशेनं बघत म्हणाला, "तिला आनायला जायचं व्हतं." गीताबाई म्हणाली, "येतील की कुनाच्या गाडीवर." आणि आम्ही निघालो.

ती चालत आली. इंजेक्शन घेतलेलं अंग, डोक्यावर ऊन, हातात औषधाची पिशवी. जुन्या रानात कोणी नव्हतं, म्हणून मेंढ्यांच्या लेंड्यांचा माग काढत नव्या रानात पोचली. आल्या आल्या माझ्या पाठीवर ओणवी झाली. श्वास जागेवर आला तेव्हा नवऱ्याला म्हणाली, "मी मेले न्हाई अजून."

येडबा खाली बघत म्हणाला, "ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

तो खोटं बोलत होता. मला ते कळलं, तिलाही कळलं.

त्यानंतर सगळ्यांनी मिळून ठरवलं की तिला आराम हवा, पेडगावला ठेवू. ती म्हणाली, "मला आराम नको. वाड्यावर ठिवा. बसल्या बसल्या कोकरं तरी राखीन." कोणी ऐकलं नाही. तिच्या भल्यासाठीच करतोय, असं प्रत्येक जण म्हणाला. पेडगावच्या घरून निघायच्या दिवशी माझं ओझं तिनंच बांधलं. हातात जोर नव्हता. दोर दोनदा सुटला. तिसऱ्यांदा तिनं तो दातांत धरून आवळला. मग ती दारात बसली आणि आम्ही गेलो.

सुरुवातीला येडबा रोज फोन करायचा. मग कमी झाला. तिचा आवाज ऐकला की त्याला जेवण जायचं नाही, म्हणून तो फोन टाळायचा. "पुढच्या आठवड्यात जाऊन येतो," असं त्यानं कितीतरी वेळा म्हटलं. शेवटी पिंकीचाच फोन आला. येडबा मातीला तेवढा पोचला.

नंतर वाडा पेडगावला परतला. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला गीताबाई सांगत होती, अक्कांचं आमी किती केलं. येडबा म्हणाला, "तिला रानावनात तरास नको म्हणून घरी ठिवली."

पिंकी तिथेच चहा देत होती. ती म्हणाली, "आबा, मायला तरास तुमी न्हाईत ह्याचा व्हता. रोज इचारायची, वाडा कुठं उतरलाय."



आता बिऱ्हाड टेंपोतून जातं. मला घरामागे बांधलेलं असतं. चारा पडला तर पडतो.

मित्रांनो, घरात कोणाच्या पोटातली कळ पाठीत जात असेल, अन्न नकोसं झालं असेल, डोळे पिवळे झाले असतील, तर माळेवर भरवसा ठेवून बसू नका. लवकर दवाखान्यात न्या. तरीही काही माणसं जातात. पण जाईपर्यंत ती तुमच्यातच असतात. त्यांचं दुखणं त्यांना सांगा, त्यांचं काम त्यांच्या हातून काढून घेऊ नका आणि त्यांच्याजवळ बसा.

येडबा यंदा वाड्याबरोबर गेला नाही. रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसतो. विजयमाला किती शहाणी होती, तिच्यावाचून किती सुनं वाटतं, सगळं सांगतो. मी ऐकते. मला त्याचा काही उपयोग नाही. हे ऐकायला ती किती दिवस दारात बसून होती.