पाण्यातली चिमणी

ताईने भावजयीला काठावरून काढलं तेव्हा दुपार कलली होती.

झुडपाचा हिरवा रंग जाडसर घेतला, दोनदा ब्रश फिरवला, आणि डोक्याला पिवळा स्कार्फ बांधून धाकट्याच्या शेजारी बसलेली ती नाहीशी झाली. झाडं तशीच, तळं तसंच, धाकटाही तसाच. फक्त एकटा.

धाकटा म्हणजे ताईचा पाठचा भाऊ. नव्या घरासाठी हे चित्र त्यानेच हौसेने सांगितलं होतं: रान, रानातलं तळं, काठावर आम्ही दोघं. चित्र वाळेपर्यंत दोघांचं फाटलं. चिमणी माहेरी गेली. चिमणी हे भावजयीचं लाडाचं नाव, त्यानेच ठेवलेलं. "ताई, तिला काढ. उद्या संध्याकाळी येऊन घेऊन जातो," काल तो फोनवर म्हणाला, भातातला खडा काढायला सांगावा तसं.

काठावरची निघाली. पाण्यातली निघेना.

त्या पाण्यातल्या प्रतिबिंबात ताईने जीव ओतला होता. रंग ओला असतानाच सरळ खाली ओढायचा, मग कोरड्या रुंद ब्रशने, श्वास रोखून, आडवा एकच हात. दुसरा फिरवला की चिखल. वर पिवळा लखलखीत, तर खाली तोच जरा मळका, जरा थरथरता. आता त्यावर हिरवा चढवायचा म्हटलं तर हात उचलेना. आपण चित्र दुरुस्त करतोय, की भावाच्या संसारावर बोळा फिरवतोय? रंग पुसायची टर्पेंटाइनची चिंधी पिळून पिळून तिची दोरी झाली.

दार वाजलं. इतक्या लवकर आला? ताईने दार उघडलं, तर समोर चिमणी.

"आत नाही येत, ताई. घराची किल्ली तेवढी त्याला द्या." म्हणता म्हणता तिची नजर ईझलवरच्या चित्रावर गेली. ताई आडवी आली, पण एवढं मोठं रान एका बाईच्या पाठीमागे लपतंय होय!

चिमणी जवळ येऊन बघत राहिली. "काठावर मी नाही."

"तो म्हणाला म्हणून गं..."

"आणि पाण्यात आहे." ती वाकली. "जाडी दिसतेय हो मी पाण्यात."

"पाणी ताणतं," ताई म्हणाली. "काठावरचा हिरवा अजून ओला आहे. पुसला तर खाली तू तशीच आहेस. एकदा वाळून धरला, की मग नाही."

"झालं का?" म्हणत धाकटा उघड्या दारातून आत आला आणि थबकला. बायकोकडे बघेना. "पाण्यातलं राहिलंय, ताई."

"काढा की," चिमणी म्हणाली. "माझ्यादेखत काढा."

ताईला कळेना, हो म्हणावं तर ही जाते, नाही म्हणावं तर तो बिथरतो. तिने ब्रश धाकट्यापुढे धरला. "माझ्याने नाही होत, बाबा. तूच काढ."

त्याने हिसकावूनच घेतला. "पायांपासून घेतो," म्हणत खालच्या टोकाला टेकवला.

"ते डोकं आहे माझं. पाण्यात मी उलटी आहे."

"घरात कुठे सुलटी होतीस?"

पिवळ्या स्कार्फवर हिरवा फराटा ओढला गेला आणि तिचं तोंड निम्मं बुडालं. धाकटा त्या फराट्याकडे बघतच राहिला. चिमणीने पिशवी खांद्याला लावली. संपलं, ताईच्या मनात आलं, माझ्याच घरात, माझ्याच ब्रशने संपलं.

"ताई," धाकटा म्हणाला, "चिंधी दे."

तिने दिली. आणि तो कढईचं बूड घासावं तसा घासू लागला.

"अरे हळू! खालचा रंग सुटेल, सगळीच जाईल ती!"

"त्याला हळू कधी जमलंय, ताई?" चिमणी म्हणाली, आणि खांद्यावरची पिशवी न उतरवताच तिने त्याचं मनगट धरलं.