तरंगणारा उंदीर

डॉक्टर गॅरेट पेल यांनी अर्जाचे कागद टेबलावर पुढे ढकलले.

"उंदराला पाण्यात सोडायचं. हातपाय मारायचा थांबला की म्हणायचं, खचला. मग मेंदूतली कुठली तार छेडली की तो पुन्हा पोहतो, ते बघायचं. आणि ह्याला नैराश्यावरचं संशोधन म्हणून पैसे द्यायचे?"

"सकाळपासून तुम्ही कशालाच हो म्हटलेलं नाही," अध्यक्ष मॅक्सिन टॉलिव्हर म्हणाल्या.

"कॉफीला म्हटलं. तिथंच चुकलो."

कोणी हसलं नाही. शिकागो विमानतळाजवळच्या हॉटेलातली ती खोली आता सगळ्यांनाच नकोशी झाली होती.

व्हर्लिन हॉगन टेबलाच्या टोकाला बसला होता. तो शास्त्रज्ञ नव्हता. मिनेसोटात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. पैसे वाटणारी ही संस्था दर बैठकीला रुग्णाच्या घरचं एक माणूस बोलवत असे. त्याच्या बायकोने, आर्लिसने, गेल्या हिवाळ्यात जीव दिला होता. हा अर्ज पास व्हायलाच हवा, असं तो घरून ठरवून आला होता. आर्लिसही अशीच हळूहळू थांबली होती.

"पण तो खचलाय कशावरून?" पेल म्हणाले. "एकदा बाहेर काढलं की त्याला कळतं, कोणीतरी काढणार आहे. मग उगाच कशाला दमायचं? पडून वाट बघतो."

व्हर्लिनने मान वर केली.

"काढतात त्याला?"

"लगेच. पुसतात, उबेला ठेवतात."

"आणि बघणाऱ्याला कळत नाही? खचलाय की वाट बघतोय ते?"

"नाही ना. तेच तर मी ओरडून सांगतोय."



गुण द्यायची वेळ आली. एक म्हणजे उत्तम, नऊ म्हणजे टाकाऊ. अर्ज बारकाईने वाचलेल्या तिघांनी आकडे सांगितले: पाच, सहा, सहा. एवढ्यावर अर्ज बुडाल्यातच जमा होता.

"पाच-सहाच्या बाहेर कोणी जाणार आहे?" मॅक्सिन यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं. जाणाऱ्याने हात वर करून कारण सांगायचं असे.

व्हर्लिनने हात वर केला.

"एक."

"अहो, पेल म्हणतात ते बरोबर असेल तर..." मॅक्सिन म्हणाल्या.

"बरोबरच असेल."

"मग कारण काय लिहू?"

"ती सोफ्यावर पडून असायची. मला वाटायचं, पडू दे, तेवढाच आराम. आवाज नको म्हणून मी बूट दारातच काढायचो."

पेल यांनी खिशातला फोन बाहेर काढला आणि न बघताच परत ठेवला.

"हे नाही लिहिता येणार मला, व्हर्लिन," मॅक्सिन हळूच म्हणाल्या.

"मग नका लिहू. आकडा तेवढा लिहा."

"एकट्या तुमच्या एकने तो वर येणार नाही."

"नाही येणार," व्हर्लिन म्हणाला. "पाण्यात हात तर घालून बघू."

मॅक्सिन यांनी एक लिहिला.