खंडेनवमीला मशीनला सुट्टी

कुलूप राहू द्या, बाहेरूनच ऐका. भूमच्या बसस्टँडमागं ट्रस्टचा जो दवाखाना आहे ना, त्याच्या शेवटच्या खोलीत पडलेला चुंबक मी. माझ्या दोन जबड्यांमध्ये माणसानं डोकं ठेवलं, की आतल्या मेंदूचं चित्र निघायचं. एमआरआय म्हणतात ते. आता माझ्यावर चादरींचे गठ्ठे ठेवतात.

मला घडवलं अश्लेषाबाईंनी. तुळजापूरच्या विष्णुपंत मास्तरांची ही लेक. बंगळूरच्या मोठ्या संस्थेत बसून अणूच्या आतले कण कसे गिरकी घेतात, त्याची गणितं मांडायच्या. सगळं कागदावर. सणाला घरी आल्या की शेजारीपाजारी विचारायचे, "पोरी, याचा उपयोग काय गं?" बाई हसायच्या.

पुढं त्यांच्या लक्षात आलं, की गोंधळातून खरी खूण वेगळी काढायचं आपलं गणित मेंदूच्या चित्रालाही लागू पडतंय. मोठ्या शहरातली मशीनं जबर ताकदीच्या चुंबकावर चालतात. गणित पक्कं असेल, तर माझ्यासारखा मवाळ चुंबकही भागवेल, आणि मशीन भूमला येईल. झालं! बाई त्याच्या मागं लागल्या. जुने सोबती म्हणाले, बाई मेकॅनिक झाली. डॉक्टर म्हणाले, ही कुठली डॉक्टर? आणि इथं आल्यावर गावातल्या बाया गुडघेदुखीची गोळी मागायच्या. नव्या विचाराचं कौतुक करावं, ही सवयच नाही तुम्हाला.

तरी मी उभा राहिलो. डोक्याभोवती बसवायचं तांब्याच्या तारांचं कडं बाईंनी स्वतःच्या हातानं गुंडाळलं होतं. मेंदूतून येणारा बारीक इशारा तेच ऐकायचं. पहिलं स्वच्छ चित्र आलं, तेव्हा बाई पदर तोंडाला लावून रडल्या. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू?

बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, "हा कायमचा चुंबक आहे. वीज असो, नसो, लोखंड आत आणायचं नाही." व्यवस्थापक रामहरी मान हलवायचा, "व्हय मॅडम, व्हय मॅडम."

त्याच सुमाराला सोनारी गावची शिवकन्या आली. झंपर शिवून पोट भरणारी. डोकं ठणकायचं आणि सुईत दोरा ओवता येईना. बाईंनी तिला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं.

मधे आली खंडेनवमी. बाई नवरात्रासाठी तुळजापूरला वडिलांकडं गेलेल्या. रामहरीनं मोठ्या ऐटीत मेन स्विच पाडला. "आज मशीनला सुट्टी! दवाखान्यात सगळ्यात मोठं मशीन हेच. पूजा इथंच मांडायची." मग काय, जनरेटरचे पाने, कोयता, माळ्याची पहार, सगळं लोखंड वाजतगाजत आत.

सिस्टर म्हणाली, "अहो, मॅडम नको म्हणल्या व्हत्या."

"करंटच न्हाय, तर वढंल कशानं? तुमी बी लई भित्र्या, सिस्टर."

आणि त्यानं पहार माझ्या पायाशी आणली. लोखंड जवळ आल्यावर मी काय करणार होतो? पहार त्याच्या हातातून सुटली ती थेट कड्यावर. कड्याचा चुरा झाला, माझा जबडा तडकला, झेंडूची फुलं खोलीभर. रामहरीला खरचटलंसुद्धा नाही.

बाई धावत आल्या. रामहरी म्हणतो, "मॅडम, देवाचंच काम केलं की. त्यात वंगाळ काय?" ट्रस्टचे लोक तर त्याच्याही वरताण. "बंद असून ओढणारं मशीन आम्हाला नको," म्हणाले आणि खोलीला कुलूप घातलं. पूजा चुकली असं एकालाही वाटलं नाही. अपशकुनी ठरलो मी, आणि हट्टी ठरल्या बाई.

ठरल्या दिवशी शिवकन्या आली. बाईंनी हात जोडून सांगितलं, "ताई, थांबू नका. उद्याच्या उद्या सोलापूरला जा."

"बाई, इथं व्हणार म्हणून तर मालक हो म्हणले. तिकडं मला कोण नेतंय आता? दिवाळी झाल्यावर बघू म्हणत्यात."

दिवाळी झाली. मग तुरीची रास झाली. त्यानंतर नेलं तिला.

परवा ती आली होती, सासूचा हात धरून. मेंदूतल्या गाठीनं दोन्ही डोळ्यांच्या शिरा दाबून टाकल्या होत्या. ऑपरेशन झालं, जीव वाचला, नजर गेली ती गेलीच. बाई सामान आवरायला आल्या होत्या, म्हणून खोली उघडी होती. शिवकन्येनं पिशवीतून सोलापूरची फिल्म काढली आणि बाईंच्या आवाजाच्या दिशेनं धरली.

"बाई, बघा की. फोटो चांगला आलाय का?"

फिल्म उलटी होती. बाईंनी ती सरळ केली, उजेडाकडं धरली. "चांगला आलाय, ताई," म्हणाल्या आणि फिल्म तिच्या पिशवीत ठेवली. तेवढी गाठ तर मीही दाखवली असती हो, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी.

आता मला भंगारात काढणार आहेत. काढा. बाईंनाही परत बंगळूरला घालवलंत, तुम्ही मोकळे झालात. फक्त एक करा. शिवकन्येनं कधी विचारलं, की बाईंचं ते मशीन कुठं गेलं, तर बिघडलं म्हणून सांगू नका. मी बिघडलो नव्हतो. तुम्ही मला फोडलंत, तेवढं तिला खरं सांगा.