दिवस मावळायच्या आत

राजेश्वरी दिवस मावळायच्या आत जेवायला लागली, तेव्हाच घरात पहिली कुणकुण लागली. पंचायत समितीची सभापती बाई. गावोगाव हिंडून उशिरा घरी यायची आणि मग ताटावर बसायची. वर्षभरात ते मोडलं. सासू मनुबाई भाकरी थापायला बसली की ही म्हणायची, माझं झालंय. रस्सा उकळत असला तरी तिकडं बघायची नाही.

तासगावाकडं बाळगोंडा होते. द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. जैन माणूस, दिवस मावळल्यावर अन्नाला शिवत नसत. सांगलीचं काम उरकून परतताना राजेश्वरी शेडवर थांबायची. बेदाणा निवडणाऱ्या बायका घरी गेल्या की दोघं चटईवर बसून दोडक्याची भाजी आणि ज्वारीची भाकरी खायची. लग्न करायचं ठरलं होतं. जगाला कधी सांगायचं, तेवढंच अडलं होतं.

कारण जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर होती आणि राजेश्वरी उमेदवार होती. तिचा नवरा फौजेत सुभेदार, सीमेवर कामी आलेला. तेव्हापासून मतं पडत होती ती सुभेदाराच्या विधवेला. प्रत्येक फलकावर वर त्याचा फोटो, खाली हात जोडलेली ती. धाकटा दीर सयाजी प्रचाराचं सगळं बघायचा. त्याला शेडची बातमी लागली तसा तो सोप्यात येऊन उभा राहिला.

"वहिनी, निकाल लागूपर्यंत त्या द्राक्षवाल्याला गावात आणू नका. मतं दादाच्या फोटोला हायत. आणलासा, तर मी माणसं घिऊन समोरच्याकडं जाईन."

तिनं ऐकून घेतलं. पण दोनच दिवसांनी बाळगोंडांनीही हात धुता धुता विषय काढला. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"तू हितं लपून येतीस, ते मला बघवत न्हाई. एकदा तुझ्या गावात, तुझ्या माणसांत मला जेवाय बोलाव. न्हाईतर हे नातं हितंच थांबवू."

ती परतीच्या वाटेला लागली. लोकांच्या पाण्यासाठी, रस्त्यासाठी ती कुणाच्याही दारात जाऊन भांडली होती. स्वतःसाठी तिनं कधी काही मागितलं नव्हतं. घर येईपर्यंत तिचं मन ठाम झालं.

प्रचाराचा नारळ फुटला की कार्यकर्त्यांना रात्री मटणाचं जेवण, ही जुनी रीत. यंदा तिनं आचाऱ्याला सांगितलं, दोडका आणि आमटी कर, पंगत उन्हातच बसली पाहिजे. आचाऱ्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि दोडके आणायला पोरगा धाडला.

नारळ फुटला. देवळासमोर पत्रावळी मांडल्या. बाळगोंडा पांढऱ्या टोपीत, चारचौघांसमोर गाडीतून उतरले. राजेश्वरी पुढं झाली, त्यांना आपल्या शेजारी बसवलं आणि उभी राहून बोलली.

"हे बाळगोंडा. आमी लगीन करणार हाय. सुभेदारांचा मान मनात हाय, तो तसाच ऱ्हाईल. पण फलकावरनं त्यांचा फोटो मी उद्या काढणार. मत द्यायचं तर माझ्या कामाला द्या."

ती खाली बसली. बाकी कुणी बसेना. सयाजीनं खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि वाटेला लागला. त्याच्यामागं तालमीतली निम्मी पोरं गेली. बाळगोंडांनी पत्रावळीला हात लावला नव्हता.

तेवढ्यात मनुबाई देवळाच्या पायरीवरून उठली. पदर सावरत आली आणि बाळगोंडांच्या पलीकडं मांडी घालून बसली.

"आत्याबाई, तुमी..." राजेश्वरी अर्धवट उठली.

"गप जेव. वरीसभर तू घरात जेवत न्हाईस, मला एकटीला घास गिळवत न्हवता. आवं पाव्हणं, सुरू करा. दिवस कलला."

मग बचत गटाची अंबूबाई बसली, तिच्यामागं गटातल्या बायका, मग धोतर सावरत दोन-चार म्हातारे. बऱ्याच पत्रावळी तशाच राहिल्या. राजेश्वरीनं त्या बघितल्या, नजर चोरली नाही.

जेवण उरकलं तेव्हा ऊन अजून कळसावर होतं. पुढच्या वाडीला सभा होती. तिनं हात धुतले, गाडीचं पुढचं दार बाळगोंडांसाठी उघडलं आणि चालकाला सांगितलं, मागच्या रस्त्यानं नको, भर पेठेतनं घे.