बानूबाईचं चित्र

"हाड्! ए मोत्या, हाड् म्हन्ते न्हवं!"

बाईने दगड उचलल्यासारखं केलं, तसा कुत्रा गुरगुरत मागे सरला. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभ्या असलेल्या माणसाकडे तिने पाहिलं. काळी शेरवानी, पायात बूट, डोक्यावर टोपी, खांद्याला कापडी झोळी. तिने पदर कपाळावर ओढून घेतला आणि तोंड दुसरीकडे केलं.

"गडीमानसं मेंढरं घिऊन गंगंकडं गेलेत साहेब. चराईचं काय आसंल ते त्यायलाच इचारा. आमाला बायामानसाला कायबी ठावं न्हाई."

"मी वसुलीचा गिरदावर नाही," तो म्हणाला.

"मंग कोन हाव?"

त्याने टोपी काढून हातात घेतली.

"मी बिरू. राणीसावरगावचा. कासाबाईचा थोरला."

बाईच्या हातातला दगड खाली पडला. तिने हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली, "बसा. घोंगडी टाकते."

ती वळली. तिच्या चालण्यात डावा पाय किंचित ओढल्यासारखा होता. लहानपणी मामाच्या घरी बैलगाडीवरून पडलेली एक मुलगी त्याला आठवली आणि तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की ही बानू. आपली बायको.

सेहेचाळीस सालची दिवाळी नुकतीच झाली होती. सोनपेठच्या अलीकडे, गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात बिरूच्या धाकट्या भावाचा, भुजंगचा तळ पडला होता. रात्री मेंढरं त्या रानात बसवायची, रानाला खत मिळायचं आणि मेंढपाळांना धान्य. बिरूचा बाप, आजा हेच करत आले. बिरूनेही केलं असतं. पण तो दहा-अकरा वर्षांचा असताना गेरूच्या खड्याने खडकांवर मेंढरं काढायचा. ती नुसती मेंढरं नसायची. लोक खडकापाशी येऊन म्हणायचे, ही माझी काळतोंडी, हा तुझा कानतुट्या एडका. जमीनमोजणीच्या, बंदोबस्ताच्या कामावर आलेल्या एका अंमलदाराने ते पाहिलं. मुलबाळ नसलेला, हौशी माणूस. बापाची समजूत घालून तो बिरूला हैदराबादला घेऊन गेला, उर्दू शाळेत घातलं, पुढे मुंबईच्या कलाशाळेत पाठवलं. जाण्याआधी आईने, कासाबाईने एक अट घातली होती. भावाच्या मुलीशी त्याचं लग्न लावून दिलं आणि मगच त्याला गाडीत बसू दिलं. बानू तेव्हा परकर नेसायच्या वयाची, पण लुगडं नेसवून तिला उभी केली होती.

मुंबईहून तो परत आला तो थेट हैदराबादच्या एका कॉलेजात चित्रकलेचा उस्ताद म्हणून. गेली बारा वर्षं तो तिथे शिकवत होता. मुलं त्याला 'बीर साब' म्हणत. समोर माणूस बसवून त्याचा चेहरा कसा काढावा, हा त्याचा विषय. "पहले देखो," तो वर्गात फिरत म्हणायचा, "फिर खींचो." जहागीरदारांच्या, हकिमांच्या, त्यांच्या म्हाताऱ्या आयांच्या तसबिरी त्याने काढल्या होत्या. मोठमोठ्या दिवाणखान्यांत त्या टांगलेल्या होत्या, कोपऱ्यात उर्दूत त्याची सही होती. ती सही वाचू शकेल असं त्याच्या घरात कुणी नव्हतं, आणि त्या दिवाणखान्यांतून कुणी त्याच्या घराबद्दल विचारलं नव्हतं.

एकदा मात्र विचारलं होतं. शेजारच्या प्रोफेसरांच्या बेगमेने पडद्याआडून हसत म्हटलं होतं, "भाभी को कब ला रहे हैं?" तो म्हणाला होता, पुढच्या साली. पुढच्या साली खोली लहान होती. त्याच्या पुढच्या साली प्रदर्शन होतं. बानू नांदायला आली होती, ती कासाबाईपाशी. बिरू सुटीत दोन-चार दिवस यायचा, तेव्हा ती चुलीपाशी पाठमोरी असायची, किंवा पदराच्या आत. बाप वारला तेव्हा आला तो शेवटचा. त्यालाही सहा वर्षं झाली. बायकोला न्यायची आपल्याला लाज वाटते, हे त्याने स्वतःलाही कधी धडपणे सांगितलं नव्हतं.

सण आला की कॉलेज बंद व्हायचं. ईदेला कुणीतरी विद्यार्थी शीरखुर्म्याचा कटोरा आणून द्यायचा. दिवाळीत तो खोलीची खिडकी उघडी ठेवून बसायचा. अशाच या दिवाळीत गंगाखेडच्या कापसाच्या आडतीवरचा एक ओळखीचा माणूस रस्त्यात भेटला आणि सहज बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या मातोश्री गेल्या म्हणे, पोळ्याच्या सुमाराला."

भुजंग आला तेव्हा सावल्या आखूड झाल्या होत्या. तो लांबूनच पळत आला, पण जवळ आल्यावर थबकला. शेरवानीला मिठी कशी मारावी हे त्याला कळेना. शेवटी तो बिरूच्या बुटांना हात लावून पाया पडला.

"आईनं लय वाट बघितली, दादा," तो म्हणाला. लहानपणी तो बिरूला 'तू' म्हणायचा, आता म्हणत नव्हता. "तुमाला निरोप धाडायचं लय म्हनलं, पर पत्त्याचा कागद पावसात भिजला. सेवटी सेवटी तिला मानूस वळखू येत न्हवतं. कुनीबी आलं की इचारायची, बिरू आला का?"

"मग?"

"मंग काय. मी म्हनायचो, हाव, आलाय. ती माझाच हात धरून बसायची."

बिरूने झोळी खांद्यावरून उतरवली. गाडीत, बैलगाडीत, पायवाटेने येताना त्याने हेच वाक्य जुळवून ठेवलं होतं.

"भुजंग, मी बानूला न्यायला आलोय. आता खोली मोठी आहे. आत नळ आहे, विजेचा दिवा आहे. तिला काही कमी पडणार नाही."

भुजंग काटकीने जमीन उकरत राहिला. "लिंबाजी मामाला यिऊ द्या," तो हळूच म्हणाला. "पंच हायत, त्येच बोलतेल."

"मामा कशाला?" तीन दगडांच्या चुलीपाशी बसलेली बानूबाई म्हणाली. ती उठली, हाताचं पीठ झाडलं, आणि पदर तसाच ठेवून त्यांच्यापासून चार हातांवर येऊन उभी राहिली. "मीच सांगते. मला काडी मोडून पायजे."

बिरूला आधी शब्दच कळला नाही. बारा वर्षांत त्याने तो ऐकला नव्हता. मग पंचांपुढे नवरा एक काडी मोडतो आणि बाई मोकळी होते, हे आठवलं.

"आत्याबाई व्हत्या तवर त्येंच्यासाठी ऱ्हायले," बानूबाई म्हणाली. "त्येंला कोन बघनार व्हतं? आता त्याबी गेल्या. तळावरच्या मुंजाजीची बायकू बाळातपनात गेली. दोन लेकरं हायत पदरात. त्यो पाट लावायला तयार हाय. मीबी हाय."

"पण मी न्यायला आलोय," बिरू म्हणाला.

"आता आलाव."

"हो. उशीर झाला. पण तिथे तुला..."

"तितं म्या कोनाशी बोलू?"

"माझ्याशी."

"तुमच्याशी?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच विचार करून पाहत होती. "काय बोलू?"

दूर वाघुरीच्या जाळीत कोंडलेल्या कोकरांचा गलका येत होता.

"मी इथे राहिलो तर?" तो एकदम म्हणाला. "नोकरी सोडतो. मी इथेच राहतो."

भुजंगने मान वर केली. बानूबाई त्याच्या बुटांकडे पाहत होती. "आसं बोलू नगा," ती समजुतीने म्हणाली. "तुमी मोटं झालाव. आत्याबाई समद्याला सांगायच्या. आता माघारी येऊन मेंढरामागं फिरलाव तर त्येंचं बोलनं खोटं पडंल."

पंच म्हणून लिंबाजी आला, नात्याने कुणाचाच नाही पण साऱ्या तळाचा मामा. पांढऱ्या मिशांचा, कमरेत वाकलेला म्हातारा. त्याने दोघांचं ऐकून घेतलं आणि बिरूला विचारलं, "तुजं काय म्हननं हाय लेकरा?" तळावर त्याला 'तू' म्हणणारा तेवढा एकच उरला होता.

"मोडतो," बिरू म्हणाला. "पण त्याआधी मला हिचं चित्र काढू दे. तेवढं मागतो."

"काढ की. त्यात काय जातंय."

बानूबाई घोड्यावर लादायच्या बोचक्यांना टेकून बसली. रिकामं बसणं जमेना, म्हणून लोकरीची चाती हातात घेतली आणि सूत काढू लागली. लिंबाजीने सांगितल्यावर तिने पदर मागे सारला. बिरूने झोळीतून फळी काढली, कागद लावला, कोळशाची कांडी घेतली. बाया भोवती गोळा झाल्या.

असा हात त्याचा कित्येक वर्षांत चालला नव्हता. जहागीरदारांच्या तसबिरी काढताना रेघ अडखळायची, पुसावी लागायची. आज पुसावं लागलं नाही. कपाळ उतरलं, नाक उतरलं, गालाचं हाड, ओठांच्या कडेची दुमड. चाती फिरत होती. तिच्या तोंडावरचं ऊन हळूहळू सरकत गळ्यावर आलं. बिरूला भूक लागली नाही, तहान लागली नाही. हा चेहरा आपल्याला येतो, असं त्याला वाटत होतं. आपल्या हाताला तो ठाऊक आहे.

त्याने फळी वळवून दाखवली. बाया जवळ सरकल्या. मग मागून कुणीतरी म्हणालं, "आगं बया! कासाबाई!"

बानूबाईने चाती मांडीवर ठेवली आणि पुढे वाकून पाहिलं.

"आत्याबाईच हायत," ती म्हणाली. "बगा की. ह्ये गोंदन माजं न्हाई."

बिरूने कागद स्वतःकडे वळवला. कपाळावर दोन भुवयांच्या मधोमध गोंदणाचे तीन ठिपके होते. तेच ठिपके कासाबाईच्या कपाळावर होते, लहानपणी तो त्यांवर बोट ठेवून झोपायचा. त्याने समोर पाहिलं. बानूबाईचं कपाळ मोकळं होतं, उन्हाने रापलेलं. भाची म्हणून आत्याचा तोंडवळा होताच, पण हनुवटी वेगळी होती, डोळे तर फारच वेगळे. थोडे घारे. ती इतका वेळ समोर बसली होती.

"चुकलं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "परत काढतो. दुसरा कागद आहे."

"ऱ्हाऊ द्या," बानूबाई म्हणाली. तिने पदर पुन्हा पुढे घेतला. "त्येंचं चित्र ऱ्हायलंच व्हतं. बरं झालं, झालं त्ये."

भुजंग पुढे आला. त्याने कागद दोन्ही हातांनी धरला आणि तो रडू लागला. आई गेल्यावर तो रडला होता की नाही, बिरूला माहीत नव्हतं. बिरू त्याच्याजवळ सरकला, खांद्यावर हात ठेवला. मग भुजंगने कागदावर कपाळ टेकवलं आणि तो देवाच्या टाकांशेजारी, घोंगडीच्या घडीत ठेवून दिला.

काडी लिंबाजीने धुऱ्यावरून उपटून आणली. ज्वारीची, ओली. "मोड," तो म्हणाला, "आन् म्हन, ह्या बाईवर माजा कसलाबी हक न्हाई."

काडी वाकली, मोडेना. बिरूला ती दोन्ही हातांनी पिळावी लागली. शेवटी तिचा एक तंतू उरला, तो त्याने नखाने तोडला. "ह्या बाईवर माजा कसलाबी हक न्हाई," तो म्हणाला. शब्द आईच्या बोलीत आले. लांब जाळीपाशी एक उंच, हडकुळा माणूस पागोटं हातात घेऊन उभा होता. तो मुंजाजी असावा. बिरूने तिकडे पाहिलं, तसे त्याने हात जोडले. बिरूनेही जोडले.

"आजच्याला ऱ्हावा," भुजंग म्हणाला.

"नको. नदी ओलांडून मानवतकडे निघतो. तिकडून गाडी आहे."

बानूबाईने फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधून दिला. आता तिचा पदर डोक्यापुरता होता. तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं, पाहुण्याकडे पाहावं तसं. "वाटंत खा," ती म्हणाली. "उपाशी जाऊ नगा, दादा."

तो उतारावर आला तेव्हा नाव काठालाच होती. नावाड्याने शेरवानी पाहून घाईघाईने फळी पुसली. "दौऱ्यावर आलता का साहेब?"

"हाव," बिरू म्हणाला.

नाव पाण्याच्या मध्यावर गेली. मागे काठावर मेंढरं पाण्यावर उतरत होती, धुळीचा लोट उठला होता, त्यात बायांची लुगडी हलताना दिसत होती. त्यांच्यातली एक जण चुकार मेंढरांना लांब हाळी देत होती. स्वच्छ, खणखणीत आवाज होता. बिरूने मान वळवली आणि कान देऊन ऐकलं. पण तो आवाज बानूबाईचा होता की दुसऱ्या कुणाचा, हे त्याला ओळखता आलं नाही.